मोडल्यावर मोठा झालेला बँड: 'मोहिनेर घोडागुली'चं प्रकरण

'गँगस्टर' हा हिंदी चित्रपट २००६ मध्ये आला आणि त्यातलं 'भीगी भीगी' पुढची दोन-तीन वर्षं रिक्षापासून रिंगटोनपर्यंत सगळीकडे वाजत राहिलं. संगीत प्रीतमचं, आवाज बांगलादेशच्या जेम्सचा. आपल्याकडे बहुतेकांनी ते हिंदी गाणं म्हणूनच ऐकलं. कोलकात्यात मात्र पहिल्याच ओळीला लोकांच्या लक्षात आलं की ही चाल 'पृथिबीटा नाकि'ची आहे. म्हणजे 'मोहिनेर घोडागुली'ची. हा बँड मोडून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि त्याचे म्होरके गौतम चट्टोपाध्याय जाऊन सात.

बँड गाजतो आणि मग मोडतो, हा नेहमीचा क्रम. इथे तो उलटा आहे. १९७०च्या दशकात हा बँड उभा होता तेव्हा त्याच्या रेकॉर्डी पडून राहिल्या, कार्यक्रमांना मोजकी माणसं यायची. १९८१ मध्ये मंडळी पांगली. आणि १९९५ नंतर हेच नाव बंगाली रॉकचं मूळपीठ ठरलं. असं का झालं, हे विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: 'ते काळाच्या फार पुढे होते.' मला हे उत्तर आळशी वाटतं. सन्मान केल्यासारखंही होतं आणि कारण शोधायची कटकटही वाचते. या प्रकरणात कारणं सापडतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण १९९५ साली घेतलेला एक निर्णय आहे.

घरचीच माणसं

गौतमदा प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. शरीरक्रियाशास्त्र शिकत होते, गिटार आणि सॅक्सोफोन वाजवत होते. साठच्या दशकाच्या शेवटी पार्क स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटांमध्ये रोज रात्री इंग्रजी गाण्यांचे बँड वाजत, त्या वर्तुळात त्यांचा वावर होता. पण १९६७च्या नक्षलबारीनंतर कोलकात्याच्या कॉलेजांतली बरीच हुशार पोरं ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने तेही गेले. पकडले गेले, तुरुंगात मार खाल्ला. सुटले ते राज्याबाहेर राहायच्या अटीवर. मग भोपाळ आणि जबलपूर इथे औषधकंपनीचे प्रतिनिधी म्हणून काही काळ काढला. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणारा नक्षलवादी सॅक्सोफोनवादक, हे चित्र मला त्यांच्या कुठल्याही गाण्याइतकंच बोलकं वाटतं.

परतल्यावर दक्षिण कोलकात्यातल्या नाकतला इथल्या घरी जमवाजमव सुरू झाली. भाऊ प्रदीप, म्हणजे बुला, बास आणि बासरीवर. दुसरा भाऊ विश्वनाथ ऊर्फ बिशू ड्रमवर. चुलत-मावस नात्यातले रंजन घोषाल निवेदन करणारे आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे. अब्राहम मजुमदार पियानो आणि व्हायोलिनवर. तापस दास, म्हणजे बापी, आणि तपेश बंद्योपाध्याय, म्हणजे भानू, हे गायला आणि गिटारला. व्यावसायिक म्हणावं असं या जमावात काहीच नव्हतं. नावावरूनही बरीच ओढाताण झाली. आधी 'सप्तर्षी', मग 'तीरंदाज', मध्येच 'गौतम चट्टोपाध्याय बीएससी ओ संप्रदाय' हे कीर्तनमंडळीला शोभेल असं नाव. शेवटी रंजन घोषालांनी जीवनानंद दास यांच्या 'घोडा' कवितेतून 'मोहिनेर घोडागुली' उचललं. कार्तिकातल्या चांदण्यात माळावर चरणाऱ्या, महीन नावाच्या कुणाच्या तरी घोड्यांची ती कविता. रॉक बँडला आधुनिक कवितेतलं नाव द्यायचं हे त्या काळच्या कोलकात्यातच सुचू शकतं.

एक गाणं जरा जवळून

त्यांची पहिली रेकॉर्ड १९७७ची, 'संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता बिषयक'. त्यातलं 'हाय भालोबाशी' घ्या. सुरुवातीला गाणारा आपल्याला काय काय आवडतं ते सांगतो: चांदण्यात काशाच्या गवतातून धावणं, सावलीतली मातीची पायवाट, लांबच्या डोंगरावरचं संध्याकाळचं ऊन, हिरवं भातशेत. इथवर हे कुठल्याही बंगाली भावगीतात चालेल. पुढे त्याच चालीत, आवाज न बदलता, पिकासो येतो, चित्रपट-दिग्दर्शक बुनुएल येतो, दान्ते, बीटल्स, डिलन, बेटहोवन. मग रविशंकर आणि अली अकबर. आणि एवढं सगळं आवडत असूनही काहीच बरं का वाटत नाही, असं ध्रुवपद.

वरवर पाहता ही नुसती यादी आहे. पण काशफूल आणि बुनुएल एकाच दमात म्हणणारा माणूस त्याआधी बंगाली गाण्यात नव्हता, कोलकात्याच्या कॉफीहाउसात मात्र टेबलाटेबलावर बसलेला होता. त्याला स्वतःचं गाणं नव्हतं. त्याच्या वाट्याला एकीकडे रवींद्रसंगीत, दुसरीकडे चित्रपटातलं आणि रेडिओवरचं 'आधुनिक' गाणं, तिसरीकडे मोर्चातलं गणसंगीत. चौथीकडे पार्क स्ट्रीट, पण ते इंग्रजीत.

मग यात लोकसंगीत कुठे? बाऊल म्हणजे बंगालमधले एकतारा घेऊन गात फिरणारे साधक. या बँडची ओळख करून देताना 'बाऊल आणि रॉक' असं म्हणून लोक मोकळे होतात, 'बाऊल-जॅझ' हाही शब्द वापरला जातो. बाऊल चाली बंगाली कानाला नव्या नव्हत्याच. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५ साली, रवींद्रनाथांनी 'आमार शोनार बांग्ला' लिहिलं ते गगन हरकरा या टपाल वाटणाऱ्या बाऊलाच्या चालीवर. पूर्णदास बाऊल तर १९६७ मध्ये बॉब डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर, डिलनच्या शेजारी उभे होते. म्हणजे बाऊल शहरात येऊन, सजून, परदेशीही जाऊन आलेला. गौतमदांनी बाऊलांकडून चालीपेक्षा बोलण्याची तऱ्हा घेतली, असं मला त्या रेकॉर्डी ऐकताना वाटतं. देहाचं कोडं असो की देवाचं, बाऊल ते पिंजरा, पाखरू, नदी, घर अशा रोजच्या शब्दांत मांडतो आणि मध्येच ऐकणाऱ्याला थेट हाक मारतो. तीच सवय शहरी विषयाला लावली की 'हाय भालोबाशी' तयार होतं. एकताऱ्याचा आवाज गिटारवर चढवणं कुणालाही जमतं, हे अवघड आहे.

चार वर्षं आणि मोजकी गाणी

दुसरी रेकॉर्ड १९७८ची, 'अजाना उडंतो बोस्तू बा अ-उ-ब'. उडत्या तबकड्यांवरचं गाणं! तिसरी १९७९ची, 'दृश्यमान मोहिनेर घोडागुली', तिच्यात 'चैत्रेर काफन'. तिन्ही मिळून गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कार्यक्रम झाले ते रवींद्र सदन, मॅक्स म्युलर भवन अशा सभागृहांत, १९८०च्या जॅझ महोत्सवात. म्हणजे जिथे माणसं खुर्चीवर बसून, हाताची घडी घालून ऐकतात तिथे.

चाललं का नाही? 'काळाच्या पुढे' हे उत्तर इथे अडखळतं, कारण सीमेपलीकडे ढाक्यात त्याच भाषेत, त्याच दशकात बँडचं गाणं चाललं. मुक्तियुद्धात लढून आलेला आजम खान १९७२ पासून गिटार-ड्रमवर गायला लागला आणि सरकारी दूरदर्शनवर दिसला. चितगावात 'सोल्स' त्याच सुमाराला उभा राहिला. ऐंशीच्या दशकात 'फीडबॅक', 'माइल्स' यांचा तिथे स्वतःचा तरुण श्रोता होता. तेव्हा बंगाली कान तयार नव्हता असं म्हणता येत नाही. कोलकात्याचा दरवाजा तयार नव्हता.

ढाका नव्या देशाची राजधानी होती. तिथे काय 'आपलं' आणि काय नाही, हे ठरवणारी जुनी मंडळी अजून घट्ट बसलेली नव्हती. कोलकात्यात ती बसलेली होती, आणि एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना. गाण्याचा धंदा दुर्गापूजेच्या सुमाराला निघणाऱ्या रेकॉर्डींवर चाले. त्यात नामवंत गायक, नामवंत गीतकार, नामवंत संगीतकार असा तिघांचा मेळ असायचा. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतःच गायचं आणि सातजणांनी मिळून नाव लावायचं, या प्रकाराला त्या व्यवस्थेत रकानाच नव्हता. दुसरी बाजू राजकारणाची. पहिली रेकॉर्ड आली त्याच वर्षी, जून १९७७ मध्ये, डावी आघाडी सत्तेवर आली. सांस्कृतिक वर्तुळात गिटार-ड्रमचा आवाज म्हणजे पाश्चात्त्य चंगळ, असा सूर होता. 'अपसंस्कृती' हा शब्द पुढे ऐंशीच्या दशकात पॉप गाण्यांवर सर्रास फेकला गेला. गंमत बघा, ज्या माणसाने डाव्या राजकारणापायी तुरुंगात हाडं मोडून घेतली, त्याचं गाणं डाव्यांच्याच राज्यात संशयित. उजवीकडच्या रसिकाला ते गोंगाट वाटायचं, डावीकडच्याला चैन.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: रेकॉर्ड प्लेअर. तो घरातल्या बैठकीच्या खोलीत असायचा आणि त्यावर काय लागणार हे वडील ठरवायचे. ज्या वयाच्या मुलांसाठी ही गाणी होती, त्यांच्या हातात गाणं ऐकायचं स्वतःचं साधनच नव्हतं.

१९८१ पर्यंत सगळं थांबलं. भांडणाची मोठी कहाणी नाही, पोटापाण्याची आहे. रंजन घोषाल बंगळुरूला, बिशू अमेरिकेला, अब्राहम पाश्चात्त्य संगीत शिकायला जर्मनीला. गौतमदा चित्रपटाकडे वळले. त्यांच्या 'नागमती'ला (१९८३) राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बँडचं प्रकरण इथे बंद झालं, असंच तेव्हा कुणीही म्हटलं असतं.

मधल्या काळात काय बदललं

कॅसेट आली. हे वाक्य इतकं साधं आहे की त्याचं वजन कळत नाही. कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी, आणि मुख्य म्हणजे घरी नक्कल करता येणारी. टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र, मुलांच्या खोलीत गेला. कुठल्याशा घरात पडलेली जुनी रेकॉर्ड आता एका कॅसेटवर, तिच्यावरून दहा कॅसेटींवर जाऊ शकत होती. कॉलेजच्या आवारात, होस्टेलच्या गच्चीवर पोरं ही गाणी गिटारवर म्हणू लागली. कुणाची आहेत हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नसायचं. गाणं गाणाऱ्याच्या नावापासून सुटून तोंडातोंडी फिरायला लागलं, म्हणजे लोकगीताचं होतं तेच त्याचं झालं.

दुसरा बदल १९९२चा. सुमन चट्टोपाध्याय, म्हणजे पुढचे कबीर सुमन, यांचा 'तोमाके चाई' आला आणि एकटा माणूस गिटार घेऊन स्वतःचं गाणं म्हणतो हे कोलकात्याने डोक्यावर घेतलं. मागोमाग नचिकेता, अंजन दत्त. त्याला 'जीवनमुखी गान' असं नाव पडलं. मला ते नाव कधीच आवडलं नाही, बाकीची गाणी काय मरणमुखी होती? पण नाव पडलं की दुकानात कप्पा मिळतो. पंधरा वर्षांपूर्वी नसलेला रकाना असा तयार झाला.

'संपादित'

आता तो निर्णय. १९९५ मध्ये गौतमदांच्या हातात दोन सोपे पर्याय होते. जुनी मंडळी गोळा करून पुन्हा रंगमंचावर उभं राहायचं, किंवा जुन्या रेकॉर्डी कॅसेटवर काढायच्या. दोन्ही केलं असतं तर हळहळ मिळाली असती, थोडी विक्री झाली असती आणि विषय संपला असता.

त्यांनी तिसरंच केलं. नवी कॅसेट काढली, 'आबार बोछोर कुडी पोरे'. पुन्हा वीस वर्षांनी, हे शब्दही जीवनानंदांचेच. तिच्यात बँडची काही जुनी गाणी होती आणि बरीच नवी. गाणारे-वाजवणारे मोठ्या प्रमाणात तरुण होते: कॉलेजातले, नवे बँड असलेले, तोवर नाव नसलेले. आणि वर लिहिलं होतं, 'मोहिनेर घोडागुली संपादित'. बँडचं नाव गायक म्हणून न येता संपादक म्हणून आलं.

आपल्याकडच्या अनियतकालिकांच्या चळवळीची ज्यांना आठवण आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल. कोलकात्यात तर 'लिटल मॅगझिन' हा साहित्याचा पाठीचा कणा. दोन-पाचशे प्रती निघतात, तोट्यात जातात, बंद पडतात, पुन्हा निघतात. अंकाचं नाव टिकतं, लिहिणारे बदलत राहतात, आणि एका अंकातला लेखक पुढे स्वतःचा अंक काढतो. गौतमदांनी रॉक बँडला हा साचा लावला. कॅसेटचं प्रकाशनही गाण्याच्या जलशात न करता मैदानावर भरणाऱ्या कोलकाता पुस्तकमेळ्यात केलं. तिथे येणारा माणूस नवं, अनोळखी, थोडं विक्षिप्त काही विकत घ्यायची तयारी ठेवूनच आलेला असतो. रवींद्र सदनात सत्तरच्या दशकात जो श्रोता भेटला नव्हता, तो पुस्तकांच्या स्टॉलसमोर धुळीत उभा होता.

पाठोपाठ 'झोरा शोमयेर गान', 'माया' आणि 'ख्यापार गान' आले. काही वर्षांत चार कॅसेटी, पहिल्या फेरीतल्या सगळ्या गाण्यांच्या कितीतरी पट माल. 'ख्यापा' म्हणजे वेडा, बाऊलांमध्ये हा मानाचा शब्द.

'पृथिबीटा नाकि' हे या पहिल्या कॅसेटमधलं. जग म्हणे लहान होत होत उपग्रह आणि केबलच्या हातून बैठकीतल्या मूर्खांच्या खोक्यात बंद झालंय, असा त्याचा विषय. भारतात उपग्रह वाहिन्या आल्या १९९१-९२ च्या सुमाराला. म्हणजे सत्तरच्या दशकातला, काळाच्या पुढचा म्हणून ज्याची पूजा होते त्या बँडचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं अगदी वेळेवर, बरोबर आपल्या काळातलं होतं. ज्या घरात नुकतंच केबल लागलं होतं त्याच घरातल्या मुलाने ते ऐकलं. 'भीगी भीगी'च्या चाहत्यांना अर्थातच केबल-बिबल काही माहीत नाही, त्यांना पाऊस आणि विरह मिळाला. चाल मात्र दोन्हीकडे तितकीच चिवट निघाली.

संपादक होण्याचे तोटेही झाले. कोणतं गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, मूळ बँडचं कोणतं आणि पाहुण्यांचं कोणतं, याचा घोळ आजही संपलेला नाही. सगळं 'मोहिन'च्या नावावर जमा होतं. ज्या तरुण गायकांचे आवाज त्या कॅसेटींवर आहेत, त्यातल्या अनेकांची नावं सामान्य श्रोत्याला सांगता येणार नाहीत. पण त्याच घोळामुळे दुसरी गोष्ट घडली. आपल्या पहिल्या गाण्यावर 'मोहिनेर घोडागुली'चा शिक्का बसलेली पोरं पुढे आपापल्या वाटेने गेली आणि जाताना ते नाव घेऊन गेली. एका बंद पडलेल्या बँडला एवढे दूत फुकट मिळाले.

उभारणी आणि हिशेब

गौतमदांना याचं पूर्ण पीक बघायला मिळालं नाही. शेवटच्या वर्षांत ते आसामातल्या कार्बी लोकांमध्ये, त्यांच्या गाण्या-नाचात रमले होते, तिथल्या कामाचा पसारा मांडलेला होता. २० जून १९९९ रोजी कोलकात्यात ते गेले. त्याच वर्षी 'भूमी' हा बँड उभा राहिला आणि लोकगीताच्या चाली, ढोल, गिटार यांचा मेळ त्याने गावोगावच्या मैदानांवर नेला. लोकसंगीत आणि रॉकचा व्यापारी फायदा त्यांच्या पदरात पडला. 'फॉसिल्स' आदल्या वर्षीचा, 'चंद्रबिंदू' आधीपासून होताच. 'लक्खीछाडा'मध्ये ड्रमवर खुद्द गौतमदांचा मुलगा गौरव. या सगळ्यांना विचारलं की घराणं कोणतं, तर बोट एकाच नावाकडे जायचं. हा मान विक्रीतून आलेला नाही, मागाहून आलेल्यांनी दिलेला आहे. घराणी अशीच बनतात, शिष्य वाढले की गुरू मोठा होतो.

पैशाची बाजू मात्र सरळ नाही. रंजन घोषाल २०२० मध्ये गेले. तापस दास, बापीदा, 'मोहिन एखोन ओ बोंधुरा' या नावाने शेवटपर्यंत ती गाणी गात राहिले. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला तेव्हा उपचारांसाठी कोलकात्यातल्या आणि बांगलादेशातल्या गायक-वादकांनी कार्यक्रम करून निधी जमवला. जून २०२३ मध्ये ते गेले. तोवर या गाण्यांच्या नव्या-जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर रोज ऐकल्या जात होत्या. तरीही मूळ गायकाच्या औषधपाण्याला वर्गणी लागली. रेकॉर्ड कंपनीशी केलेले जुने करार, नक्कल केलेल्या कॅसेटी आणि कुणाच्या नावावर काय आहे याचा तो घोळ, हे सगळं त्या वर्गणीमागे आहे. 'संपादित' हा शब्द नाव पसरवायला उत्तम होता. मानधनाच्या कागदावर मात्र त्याच्यापुढे कुणाची सही घ्यायची, हे कधी नीट लिहिलं गेलं नाही.